हेरेसच्या पेन्यात ऐकलेला फ्लामेंको

रेवा_ना

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आई आणि मी दक्षिण स्पेनमध्ये, आंदालुसियात होतो. आई ६८ वर्षांची. लग्नाआधी ती बरीच वर्षं पेटी आणि गाणं शिकली. या प्रवासाची ओढ माझ्यापेक्षा तिलाच जास्त होती. मी सगळ्यांना सांगत होते की आम्ही फ्लामेंको पाहायला चाललो आहोत. "पाहायला" हा शब्द बदलायला मला तिथे चार दिवस लागले. हा धागा त्यासाठीच काढते आहे.

सेव्हियात पहिल्याच संध्याकाळी हॉटेलवर सुचवलेल्या एका मोठ्या ठिकाणी गेलो. शंभरावर खुर्च्या, जेवणाच्या प्लेट, माइक, रंगीत दिवे. नाचणाऱ्या मुलींची मेहनत दिसत होती, त्यात खोट नव्हती. पण गाणारा मागे अंधारात बसलेला आणि त्याचा आवाज आमच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून येत होता. तो गायला लागला की वेटर बिलं घेऊन फिरायचे. परत येताना आई एवढंच म्हणाली, "गाणारा माणूस मला दिसलाच नाही."

पुढचा प्रवास त्या एका वाक्याने ठरला. फ्लामेंकोचे तीन भाग सगळीकडे वाचायला मिळतात: कांते म्हणजे गाणं, तोके म्हणजे गिटार, बाइले म्हणजे नाच. परक्या माणसाचे डोळे आधी नाचावर जातात. तिथल्या जाणकारांच्या लेखी मात्र मूळ आहे ते गाणं. गिटारवाला गाणाऱ्याच्या श्वासावर कान ठेवून असतो, आणि नाचणारी गाण्याच्या ओळीला पायांनी उत्तर देते. मार्टिनेतेसारखे काही प्रकार तर गिटारशिवायच गातात. लोहारांच्या भट्टीतलं गाणं ते, साथीला फार तर ऐरणीवर हातोड्याचा ठोका.

म्हणून दोन दिवस सेव्हियातून काढून हेरेसला गेलो. ट्रेनने साधारण एक तास. हे शेरी वाइनचं गाव. सान्तियागो आणि सान मिगेल या इथल्या दोन जुन्या वस्त्यांमधल्या गितानो, म्हणजे स्पेनमधल्या रोमा, कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या गायक दिले. ही माणसं द्राक्षमळ्यांवर आणि मोठ्या शेतांवर मजुरीला जायची आणि रात्री मजुरांच्या खोल्यांत गायची. ला पाकेरा दे हेरेस (१९३४-२००४) सान मिगेलची. गावात तिचा पुतळा आहे.

पेन्या म्हणजे रसिकांचं मंडळ. सभासदांनी वर्गणी काढून चालवलेली जागा. ग्रानादातला ला प्लातेरिया १९४९ सालचा, तो स्पेनमधला सगळ्यांत जुना मानतात. आम्ही गेलो तो हेरेसचा लहानसा होता. एक बार, वीतभर उंचीचा लाकडी मंच, गुडघ्याला गुडघा लागतील अशी साठेक माणसं, भिंतीवर गेलेल्या गायकांचे फोटो. दाराशी तिकीट नव्हतं. बारवर काहीतरी घ्यायचं आणि मिळेल तिथे बसायचं. कार्यक्रम साडेनऊचा लिहिला होता. सव्वादहाला एक बाई येऊन वेताच्या खुर्चीवर बसल्या. साठीच्या असतील. साधा काळा पोशाख, खांद्यावर शाल, समोर माइक नाही. शेजारी तरुण गिटारवाला, बाजूला टाळ्या देणारे दोघे.

त्यांनी आधी शब्द घेतलेच नाहीत. नुसता "आय..." लांबवत, सूर शोधत, आवाज तापवत राहिल्या. आईने माझा हात दाबला. हे तिला समजावून सांगावं लागलं नाही, आलापीच होती ती. मग सोलेआ सुरू झाला. संथ, जड. खोलीत पेल्याचासुद्धा आवाज नाही. बारमागच्या माणसाने नळ बंद केला आणि गाणं संपेपर्यंत उघडला नाही.

आमची चूक पुढे झाली. लय चढली आणि आई सवयीने हलकी टाळी धरायला लागली. शेजारच्या आजोबांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला. रागाने नाही, लहान मुलाला थांबवावं तसा. मध्यंतरात त्यांनी तिची मूठ टेबलावर ठेवली आणि बोटांच्या पेरांनी ठोके कसे द्यायचे ते दाखवलं. तोंडाने स्पॅनिश आकडे, हाताने ठोका. बारा आकडे, पण ठोके सारख्या अंतरावर नाहीत. आईला स्पॅनिश येत नाही, त्यांना दुसरं काही येत नव्हतं. वीस मिनिटं दोघांचं तेवढंच चाललं होतं. टाळी ही तिथे साथ आहे, त्याला पाल्मास म्हणतात आणि त्याचे वादक असतात. बंद तळव्यांची दबकी टाळी वेगळी, बोटांची कडक टाळी वेगळी. आपण मधे हात घातला तर तबलजीच्या डग्ग्यावर थाप मारल्यासारखं होतं.

दुसऱ्या भागात सिगिरिया झाली. ती मला शब्दांत धरता येत नाही. आवाज मधेच फाटत होता आणि तो फाटणंच गाणं होतं. शेवटी बुलेरिया. हेरेसची ही खासियत, वेगवान आणि खट्याळ. खुर्च्या मागे सरल्या, बारमागचा तो माणूस पुढे येऊन दहा-बारा पावलं नाचला आणि जाऊन पुन्हा ग्लास पुसायला लागला. नाच त्या रात्री झाला तो एवढाच. आम्हाला काही कमी पडलं नाही.

जाणाऱ्यांनी प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगेन.

ढोलकी_सातारा

रेवाताई, तुमच्या आईंनी पेरांनी धरलेला तो हिशोब इथे मांडतो. मी तबला वाजवतो आणि दोन वर्षं या १२ मात्रांच्या मागे आहे.

सोलेआ आणि बुलेरियाचं आवर्तन १२ चं, त्याला कोंपास म्हणतात. जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर. बारापासून मोजायला घेतलं तर खंड पडतात ३-३-२-२-२. आपल्या एकतालातही १२ मात्राच, पण तिथे विभाग दोन-दोनचे, सरळ. म्हणून एकताल डोक्यात ठेवून ऐकलं की पाय घसरतो. दुसरी अडचण समेची. आपण पहिलीवर येतो. यांचा तुकडा दहाव्या मात्रेवर मिटतो, अकरा आणि बारा मोकळ्या लोंबकळत राहतात आणि त्या पोकळीतून पुढचं आवर्तन उचललं जातं. आपला कान एकची वाट बघत बसतो, तोवर खोलीतला "ओले" येऊन गेलेला असतो.

सिगिरियातही बाराच, पण खंड २-२-३-३-२. ऐकताना पाच ठोके लागतात, त्यांतले दोन लांब. ती धरायची असेल तर आकडे सोडा आणि हे पाच ठोके चालल्यासारखे मोजा.

मेघमल्हार७

सुंदर लिहिलंय. पण एक राहिलं. हे सगळं मुळात आपलंच आहे ना? रोमा लोक राजस्थानातून गेले, त्यांच्याबरोबर कथक गेलं आणि त्याचा फ्लामेंको झाला. पदन्यास बघा, चक्कर बघा, हात बघा.

शब्दवेडी

मेघमल्हार, यातलं अर्धं पक्कं आहे आणि अर्धं आपल्याला आवडतं म्हणून टिकलंय.

पक्कं असं की रोमांचं मूळ उत्तर भारतात आहे. भाषा तर ओरडून सांगते. रोमानीत पाण्याला पानी, नाकाला नाख, दोनला दुई, पाचला पांज. स्पेनमधल्या गितानोंच्या बोलीचं नाव कालो. ते "काळा" या शब्दावरूनच आलं. स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद १४२५ ची. पण भारत सोडून तोवर शतकं लोटली होती, आणि आज आपण ओळखतो ते लखनौ-जयपूरचं घराणेदार कथक त्यानंतर कितीतरी काळाने घडलं. मग ते कोण बरोबर घेऊन जाणार?

फ्लामेंको म्हणून जे ओळखलं जातं ते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकात, सेव्हिया-हेरेस-कादिस या पट्ट्यात आकाराला आलं. त्यात आंदालुसियाची लोकगीतं आहेत, मोरिस्कोंचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात आणलेल्या मुसलमानांचा, वारसा आहे, अमेरिकेतून बोटींबरोबर परत आलेल्या चाली आहेत, आणि त्याला धार आली ती गितानोंच्या गाण्याने. त्या लोकांनी सोसलेलंही काही साधं नाही. १७४९ च्या जुलैमध्ये राजाच्या हुकमाने देशभरातल्या गितानोंना एकाच वेळी धरून डांबलं. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. सिगिरियातला आक्रोश ऐकताना मला ती तारीख आठवते. "आपलंच आहे" म्हणताना हे सगळं त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं होतं, म्हणून मी ते म्हणत नाही.

मेघमल्हार७

मान्य. १७४९ चं मला माहीत नव्हतं. वाचतो.

बैठक_बारामती

मला वाचताना बैठकीची लावणी डोळ्यांसमोर आली. मूळ एक म्हणून नाही, बसण्याची रीत एक म्हणून. फडावर हजार माणसांसमोर नाचतात ती लावणी वेगळी. बैठकीत बाई मांडी घालून बसते, गाते, आणि एकाच ओळीची अदा पाच तऱ्हांनी करते. समोर वीस-पंचवीस जाणती माणसं. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना उतारवयात गाताना पाहिलंय, नुसत्या डोळ्यांनी ओळ पालटायच्या. पहिल्यांदा आलेला माणूस "नाच कधी सुरू होणार" म्हणून चुळबुळ करायचा. पेन्यातल्या त्या बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत हे वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही.

एक विचारायचं आहे. दाद नेमकी केव्हा देतात? आपल्याकडे जागा लागली की लगेच "वा" जातं.

रेवा_ना

तिथेही लगेच. ओळ मिटते त्या क्षणी, आवर्तनाच्या आत. त्या बोलून दिलेल्या दादेला खालेओ म्हणतात. "ओले", "आर्सा", "वामोस". कुणी फक्त गायिकेचं नाव घेतं, हळू, घरातल्या माणसाला हाक मारावी तसं. गाणं पूर्ण झाल्यावर मग नेहमीच्या टाळ्या. परक्याने ओले म्हणू नये असं काही नाही, पण जागा कळली नसेल तर गप्प बसलेलं बरं. गप्प बसणाऱ्याचा तिथे मान राहतो.

आईच्या तोंडून उत्तरार्धात एकदा "आहाहा" निघालं, मराठीत. आजोबांनी वळून पाहिलं आणि मान डोलावली. जागा बरोबर होती म्हणे.

लिस्बनकर_मडगाव

लिस्बनला फादो, म्हणजे तिथलं पोर्तुगीज गाणं, ऐकायच्या घरांत हाच अनुभव. दिवे मंद करतात, कुणीतरी म्हणतं "शांतता, फादो गायला जाणार आहे", आणि जेवण वाढणंसुद्धा थांबतं. आमच्या गोव्यात फादो अजून गातात, सोनिया शिरसाट यांना मी लहान खोलीत ऐकलंय. पण एक फरक जाणवला. फादोत खोली निश्चल असते, गाणारी एकटी असते. तुम्ही लिहिलंय त्यात खोली सतत आतून ठोका देत असते. मला फादोची ती स्तब्धता जास्त जवळची, सवयीचा भाग असेल.

कोथरूड_ते_माद्रिद

मी माद्रिदमध्ये सहा वर्षं राहतो. धागा आवडला, पण ताब्लाओंबद्दल थोडं बोलायला हवं, नाहीतर वाचणारे सगळेच ताब्लाओ टाळतील.

ताब्लाओ म्हणजे तिकीट लावून रोज कार्यक्रम करणारी जागा. एकोणिसाव्या शतकात कॅफे कांतांते, म्हणजे गाणं होणारे कॅफे, होते. सेव्हियात सिल्वेरियो फ्रांकोनेत्ती या गायकाने स्वतःचा काढला होता. त्या कॅफेंचेच हे ताब्लाओ वारस. माद्रिदचा कोरल दे ला मोरेरिया १९५६ पासून चालू आहे, सेव्हियाच्या सांता क्रूस चौकातला लोस गायोस १९६६ पासून. मोठमोठे कलाकार इथेच रोज रात्री दोन-दोन खेळ करून घडले. पेन्यात महिन्यातून एखादी रात्र मिळते, घर ताब्लाओवर चालतं. वाईट अनुभव येतो तो ताब्लाओमुळे नाही, जागा फार मोठी असल्याने आणि जेवण मधे आल्याने.

माझा सल्ला: पन्नास-साठ खुर्च्यांच्या आतलं, जेवण नसलेलं, आणि जमल्यास माइक नसलेलं ठिकाण. सेव्हियात कासा दे ला मेमोरिया आहे, जुन्या वाड्याच्या जागेत. नर्तकी क्रिस्तिना ओयोस यांनी काढलेलं नृत्याचं संग्रहालय आहे, तिथेही रोज संध्याकाळी कार्यक्रम होतो. जाहिरातीत गायकाचं नाव छापलंय का ते बघा. फक्त "नर्तकी आणि गिटार" असेल तर सोडून द्या.

रेवा_ना

हे माझ्याकडून राहिलं होतं, आणि तुमचं बरोबर आहे. परतीच्या वाटेवर सेव्हियात एका लहान जागी तिकीट काढून गेलो होतो, तिथे नाच खऱ्या अर्थाने कळला. नर्तकी पायाचा इशारा देते, गायक ओळ घेतो, ओळ चालू असताना ती जवळपास उभीच असते, आणि ओळ मिटली की पाय बोलायला लागतात. दुसऱ्या रांगेत फळ्यांची धूळ अंगावर येत होती. पेन्यात आधी गाणं ऐकलेलं नसतं, तर ती उभी राहून ऐकते आहे हे मला दिसलंच नसतं.

प्राजक्ता_ठाणे

ऑक्टोबरमध्ये जाणार आहोत, मी, नवरा आणि सात वर्षांची मुलगी. ग्रानादाच्या गुहांमधला कार्यक्रम कसा असतो? मुलीला चालेल? आणि आम्ही शाकाहारी. पेन्याचे कार्यक्रम कळतात कुठे?

कोथरूड_ते_माद्रिद

ग्रानादात साक्रोमोंते टेकडीवर गितानोंच्या चुना लावलेल्या गुहा आहेत. भिंतीला लागून दोन्हीकडे एकेरी खुर्च्या आणि मधल्या पट्टीत नाच. घागऱ्याची झालर गुडघ्याला घासून जाते. त्या प्रकाराला साम्ब्रा म्हणतात, मुळात लग्नसमारंभातला. १९६३ च्या पुरानंतर बरीच कुटुंबं तिथून हलवली गेली, आता काही गुहा कार्यक्रमांसाठी चालवतात. सेव्हियाच्या त्रियाना वस्तीचं असंच झालं. गितानो घरं शहराबाहेरच्या वसाहतींत गेली, मागे नाव राहिलं. तरी गुहेत जा. दगडाखाली गिटार फार वेगळी वाजते. सात वर्षांच्या मुलीला लवकरचा खेळ घ्या आणि पहिली रांग टाळा, पायांचा आवाज बंद जागेत खूप मोठा असतो.

रेवा_ना

प्राजक्ता, शाकाहाराचं जमतं. सेव्हियात पालक आणि छोल्यांची भाजी जवळजवळ सगळीकडे मिळते, "एस्पिनाकास कोन गार्बान्सोस" म्हणायचं. साल्मोरेखो नावाचं टोमॅटोचं गार दाट सूप छान, पण वर हॅम आणि अंडं घालतात. "सिन हामोन, सिन उएवो" आधीच सांगायचं.

पेन्यांचे कार्यक्रम मुख्यतः शुक्रवार-शनिवारी. त्यांच्या फेसबुक पानावर चारेक दिवस आधी भित्तिपत्रक येतं, ते फोनमध्ये ठेवून दारात दाखवलं की झालं. फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये हेरेसचा महोत्सव असतो, १९९७ पासून चालू आहे, तेव्हा पेन्यांतही जास्त रात्री होतात. डिसेंबरात जाणाऱ्यांनी साम्बोम्बा चुकवू नये. चौकात शेकोटी, भोवती आख्खी गल्ली, आणि नाताळची गाणी बुलेरियाच्या लयीत. हेरेसला मुक्काम मात्र कराच, रात्री एक वाजता सेव्हियाला परतायला ट्रेन नसते. मुलगी पेंगुळली तर बारजवळ बसा, मधेच निघता येतं. पण गाणं चालू असताना उठू नका, दोन गाण्यांच्या मधे उठा.

एकटी_वाटसरू

बाई एकटी गेली तर? आणि व्हिडिओ काढू देतात का?

रेवा_ना

आमच्या टेबलावर एक जपानी मुलगी एकटीच होती, नाच शिकायला आलेली. हेरेसमध्ये अशा बऱ्याच भेटतात. गल्लीत रात्री एक वाजताही माणसं होती. तरी मुक्काम जुन्या गावातच घ्या, म्हणजे चालत पाच-दहा मिनिटांत पोचता येतं.

व्हिडिओला कुणी मनाई केली नाही, पण कुणी काढतही नव्हतं. मी पहिल्या गाण्यात फोन वर केला आणि माझ्या पडद्याचा उजेड गायिकेच्या चेहऱ्यावर पडलेला मलाच दिसला. खाली ठेवला.

ढोलकी_सातारा

एक शेवटचं विचारतो. गिटारवाला तिच्या मागे होता की पुढे? म्हणजे लय कोण ओढत होतं?

रेवा_ना

हे मी आईलाच विचारलं, धागाही वाचून दाखवला. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत: "तू एक लिहिलं नाहीस. दुसऱ्या कडव्याआधी तो मुलगा गिटारचा तुकडा वाजवायला निघाला होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता श्वास घेतला. त्याने तुकडा तिथेच सोडला आणि एक सूर धरून थांबला. त्या दहाव्या ठोक्याला आल्या तेव्हा कुठे तो हलला. तेव्हाच माझं आहाहा गेलं. ते लिही."